बाकांवर बसायचा सराव

मार्च उजाडला की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत एकदम शांतता पसरते. टीव्हीचे आवाज खाली येतात, गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठांतर करणारी मुलं दिसू लागतात आणि समोरच्या घरातली श्वेताची आई दूधवाल्याशीसुद्धा कुजबुजत बोलते. आवारात वॉचमनच्या खोलीमागे एक आंबा उरला आहे. त्याच्या मोहोराचा वास सकाळी जिन्यापर्यंत येतो. मोहोराच्या वासानं लोकांना काय काय हळवं आठवतं म्हणे. माझ्या मात्र मांड्यांना रग लागते आणि मला लाकडी बाक आठवतं.

श्वेता यंदा दहावीला आहे. तिची आई संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते आणि कुठल्या शाळेचा निकाल किती लागतो, कुठे प्रयोगशाळा चांगली आहे, कुठे वाचनालय नुसतं नावाला आहे, ते सगळं सांगते. "मावशी, तिकडे प्रत्येक मुलाला वेगळं टेबल आहे," असं म्हणून ती माझ्याकडे बघते. मी आता 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी शिकलोच ना आम्ही' असं म्हणणार, अशी तिची खात्री असते. मी म्हणत नाही. मी म्हणते, "छान आहे गं. टेबल असावं." सोयी नसण्यात काही थोरवी असते असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या शाळेत बसायला बाकं नव्हती आणि त्यापायी काय काय झालं ते मी अंगानं भोगलेलं आहे. हसतहसत भोगलं, ही गोष्ट वेगळी.

आमची शाळा अंधेरीहून वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या गवताच्या वखारीत भरायची. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. अंधेरी तेव्हा मुंबईत असूनही लोक फोर्टात कामाला जाताना 'मुंबईला जातो' म्हणायचे. रस्त्याच्या एका अंगाला भरतीचं पाणी शिरणारं खाजण, दुसऱ्या अंगाला ताडाची झाडं आणि मधूनमधून आमच्यासारख्या कारकुनांची बैठी घरं. वखारीतलं गवत कधीच गेलं होतं, पण त्याचा वास भिंतींत राहिला होता. इतिहासाच्या तासाला कुणी शिंकलं की वर्गाच्या टोकापर्यंत शिंका लागत. वाऱ्याची दिशा बदलली की गवताच्या वासावर सुक्या बोंबलाचा वास चढायचा, कारण कोळीवाड्यातल्या बोंबील वाळवायच्या वलांड्या तिथून दूर नव्हत्या. या दोन वासांत मी सगळा भूगोल शिकले. अजूनही नर्मदा म्हटलं की मला बोंबील आठवतात.

बसायला गोणपाटाच्या पट्ट्या. डावा पाय दुमडायचा, उजवा गुडघा उभा करायचा आणि त्याला टेकवून मांडीवर लिहायची फळी घ्यायची. पहिलीपासून अकरावीपर्यंत हेच आसन. त्यात आम्हाला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं, कारण दुसरी कुठली शाळा आम्ही पाहिलीच नव्हती. घरी जेवायला पाट, अभ्यासाला सतरंजी, निजायला चटई. ओसरीवर बाक असलंच तर ते मोठ्यांचं; आमच्यावर लोंबकळत्या पायांनी बसायची वेळ फक्त बैलगाडीत यायची.

अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, वर्ग आमच्या शाळेला नव्यानंच मिळाला होता, आणि तोही बोलीवर. निकाल बरा लागला तर वर्ग राहील, नाहीतर बंद. पहिल्या वर्षी निकाल असा लागला की त्याविषयी गावात कुणी बोलेना. लग्नघरात एखाद्याचं दुखणं लपवतात तसा तो निकाल लपवला गेला. दुसरी तुकडी आमची. आम्हीही आपटलो की वर्गाला कुलूप लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला त्याची भीती वाटायची ती माझ्यासाठी नव्हे. मी पास होईन न होईन, माझी अकरावी तर होऊन गेली असती. पण माझी धाकटी बहीण मंगल तेव्हा दहावीत होती. आमचे बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. स्वभावानं गरीब, पण एका बाबतीत त्यांचं मत ठाम होतं. "गावात वर्ग आहे तोवर शिका," ते म्हणायचे. "आगगाडीत बसवून पोरी लांब पाठवायच्या नाहीत." त्यांच्या आवाजात राग नसायचा, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही यायचं नाही. स्टेशनापलीकडे एक मोठी शाळा होती, पण तिची फी आम्हाला परवडणारी नव्हती. वर्ग गेला तर मंगलची शाळा दहावीवरच संपणार होती. आणि मंगल आमच्या घरातली खरी हुशार. मी पाठ करायची, तिला समजायचं.

हेडमास्तर तेंडोलकर सर मालवणकडचे. उंच, किडकिडीत, धोतर जरा वर नेसलेलं आणि हातात बाराही महिने छत्री. पहिल्या तुकडीच्या निकालानं ते खचतील असं इतर शिक्षकांना वाटलं होतं. त्याऐवजी ते रविवारी उपनगरातल्या शाळा बघत हिंडायला लागले. कधी सायकलवर, कधी गाडीनं. सोमवारी प्रार्थनेनंतर आम्हाला प्रवासवर्णन ऐकवत. घाटकोपरला एका शाळेत पुस्तकांच्या कपाटांना काचेची दारं आहेत. मुलुंडला एका शाळेनं मुलांकडून बाग करून घेतली आहे, वनस्पतिशास्त्राचा तास तिथंच होतो. कुर्ल्याला एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी, मधल्या वेळात एकांची दप्तरं दुसऱ्यांच्या पायात. गोवंडीला एक शाळा आहे तिला छप्पर आहे आणि मास्तर आहेत, एवढंच. "आणि तिथली पोरं काय बोलतात रे, पोपटासारखी," ते कौतुकानं म्हणाले. आम्ही ऐकताना हरखून जायचो. काचेच्या दारांचं कपाट मी कितीतरी दिवस मनात उघडून झाकून बघत असे.

या सगळ्या भ्रमंतीतून सरांनी जो निष्कर्ष काढला तो ऐकून शिक्षकांच्या खोलीत हसू उसळलं होतं म्हणतात. सर म्हणाले, आपली मुलं अभ्यासात मागं नाहीत, बसण्यात मागं आहेत.

पहिल्या तुकडीतल्या नापास झालेल्यांना त्यांनी एकेकाला घरी जाऊन विचारलं होतं, शेवटचे प्रश्न का राहिले? उत्तर येत नव्हतं म्हणून राहिले असं म्हणणारा फारसा कुणी निघाला नाही. परीक्षेचं केंद्र स्टेशनापलीकडच्या मोठ्या शाळेत होतं आणि तिथं बाकं होती. जन्मात पहिल्यांदा बाकावर बसून ही मुलं तीन तासांचा पेपर लिहायला गेली होती. पाय जमिनीला पुरेनात, पुरले तर गुडघे मेजाला आपटत. ज्या गुडघ्यावर आयुष्यभर फळी टेकवली तो गुडघा कुठं ठेवायचा हेच कळेना. कागद लांब गेला. मान वाकवून वाकवून दुखायला लागली. एकानं तर बाकावरच मांडी घालायचा प्रयत्न केला आणि पर्यवेक्षकांची बोलणी खाल्ली. तिसऱ्या तासाला पायांना मुंग्या, मानेला रग आणि अक्षर असं की त्यांचं त्यांना वाचवेना.

"म्हणून," सर आम्हाला म्हणाले, "परीक्षेपर्यंत तुम्ही बाकावर बसणार. बाक अंगवळणी पडल्याशिवाय मी कुणाला सोडणार नाही."

एका मुलानं विचारलं, "सर, पण बाकं कुठं आहेत?"

"ती मी बघतो," सर म्हणाले.

मग सर छत्री घेऊन गावात निघाले. कुणाच्या अंगणात, कुणाच्या दुकानापुढे बसायचं म्हणून जे जे काही होतं ते त्यांनी मागितलं. विष्णूच्या चहाच्या हॉटेलातलं बाक पहिलं आलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं दुसरं, त्याला औषधाचा वास होता आणि त्यावर बसलं की उगाच जीभ दाखवावीशी वाटायची. हजामाच्या दुकानातलं बाक एका पायानं आखूड होतं. क्रूसाजवळच्या मिंगेलकाकांनी ओसरीवरचं काळंभोर, कोरीव पाठीचं बाक दिलं. त्यावर टेकून बसण्याची ऐट इतकी होती की त्यावर अभ्यास कुणाचाच झाला नाही. ज्यांच्याकडून बाकं आली त्यांच्याकडची माणसं मग उभी राहायला लागली. विष्णूच्या हॉटेलात लोक भिंतीला टेकून बशीतून चहा प्यायचे. दवाखान्यात तापानं फणफणलेली माणसं दाराशी उभी. एकदा कुणीतरी कुरकुरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शाळेत जाऊन बस. बाक तिथं आहे, मी तपासायला तिथं येतो."

कोळीवाड्यात बाकं नव्हती. पण हिराचे वडील लक्ष्मण नाखवा, त्यांनी आपल्या होडीवरची एक लांब रुंद फळी दोन पेट्यांवर ठोकून दिली. हिरा माझ्या वर्गातली कोळीवाड्यातली एकुलती एक मुलगी. केसात अबोली, हातात काचेच्या बांगड्या, गणितात अव्वल आणि बोलायला कुणाला ऐकायची नाही. त्या फळीला मासळीचा असा काही वास होता की पहिल्या दिवशी तिच्यावर एकटी हिराच बसली. आमच्या वर्गातली कारकुनांची मुलं डॉक्टरांच्या बाकावर दाटीवाटीनं बसली, फळी मोकळी. हिरानं वळून माझ्याकडे बघितलं.

"येतंस का बसतंस तिथंच? मासे काय चावतान गो तुना?"

सगळे हसले. मी उठून तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं वास येईनासा झाला, किंवा मलाही लागला, म्हणून कळेनासा झाला. घरी गेल्यावर आईनं मला मोरीतूनच आत घेतलं.

आमच्या घरी ओसरीवर एक बाक होतं. बाबांचं. कचेरीतून आल्यावर चपला काढून ते त्यावर बसायचे, पाय लांब करायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. दिवसभरात त्यांच्या वाटणीचं सुख म्हणजे तेवढंच. सर मागायला आले तेव्हा बाबा नुसतं "बघतो" म्हणाले. मंगल दाराआड उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि शेजारचे काका मिळून बाक उचलून शाळेत पोचवून आले. संध्याकाळी बाबा पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. आई काही म्हणायच्या आत म्हणाले, "मला काय, पायरीसुद्धा बरी आहे. वारा येतो." ते सांगताना त्यांनी पेपर खाली केला नाही.

तो माघ-फाल्गुन मला अजून लख्ख आठवतो. सकाळी खाजणावर धुकं, मिठागराकडून येणारा गार वारा, कुंपणावर लाल पांगारा. शाळेच्या वाटेवर बोरं, आणि ती नको म्हणून ओरडणारी आई. वखारीत अर्ध्या उजेडात ती सगळी बाकं एकामागं एक, एकही दुसऱ्याच्या उंचीचं नाही. पुढे मेजं म्हणून खोक्यांवर टाकलेल्या फळ्या. सरांचा नियम असा की रोज जागा बदलायची. "तिथं कसलं बाक मिळेल कुणास ठाऊक," ते म्हणत, "शरीराला सगळ्याची सवय हवी." त्यामुळे आम्ही आज मिंगेलकाकांच्या सिंहासनावर, तर उद्या हजामाच्या डुगडुगत्या बाकावर. त्या बाकावर एकानं टाक दौतीत बुडवायला हात पुढे केला की दुसऱ्याच्या ओळीला वेलांटी फुटायची. कितीतरी जणांच्या सदऱ्यांवर शाईचे डाग पडले. आयांनी मुलांना दटावलं. सरांना कुणी काही म्हटलं नाही.

सरांनी घरीही जमिनीवर बसायचं नाही असं फर्मान काढलं होतं. माझी आई म्हणाली, "पाटावर बसायचं नाही म्हणजे काय, उभ्यानं जेवणार?" शेवटी मंगलनं तोड काढली. तिनं मला तांदळाच्या डब्यावर बसवलं आणि पुढे पाण्याचं पिंप पालथं घालून त्यावर ताट मांडलं. स्वतः खाली पाटावर बसून ती माझ्याकडे मान वर करून बघायची आणि म्हणायची, "राणीसाहेब, आमटी हवी का?" बाबा हसून ठसकायचे. जेवण झालं की मात्र ती माझी पुस्तकं ओढून घ्यायची आणि मला न कळलेली गणितं सोडवून दाखवायची. अकरावीची गणितं, दहावीतली मुलगी. मी तिच्या पेन्सिलीकडे बघत बसे. हिला पुढच्या वर्षी घरी बसवायचं?

आज लिहिताना वाटतं, त्या दिवसांत आम्हाला बाकावर बसायला जमलं का? खरं सांगायचं तर पुरतं जमलं नाही. पाय लोंबकळले तरी लिहिता यायला लागलं, अक्षर सुधारलं, पण तिसऱ्या तासाला मान आखडायची ती आखडायचीच. वर्षानुवर्षांची बैठक दोन महिन्यांत कुठली मोडायला? पण रोज सकाळी वखारीत पाऊल टाकलं की गावातल्या घराघरातलं बसणं तिथं मांडून ठेवलेलं दिसायचं. मग आळस करायची लाज वाटायची. माझ्यासारखी सुमार मुलगीसुद्धा त्या दिवसांत अभ्यासाला लागली ती मानगुटीवर बसलेल्या सरांमुळे नव्हे, बाबा पायरीवर बसायचे म्हणून.

परीक्षेला निघताना सरांनी आम्हाला वखारीबाहेर उभं केलं आणि शेवटची ताकीद दिली. "तिथं मोठमोठ्या शाळांतली मुलं येतात. आपल्याकडे बाकं नाहीत हे कुणापुढे बोलायचं नाही. कळलं? ताठ बसायचं. जन्मापासून बाकावर बसत आल्यासारखं." सरांना गरिबीची लाज नव्हती, पण आमच्याकडे कुणी कीव करून बघावं हे त्यांना सोसणारं नव्हतं. मग ते छत्री टेकत पुढे आणि आम्ही मागे, असे स्टेशनापलीकडे चालत गेलो.

मोठी शाळा खरंच मोठी होती. दगडी जिना, पितळी घंटा, आवारात पर्जन्यवृक्षाची गार सावली. इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं घोळक्यानं उभी. आम्ही एका कडेला दौती सांभाळत उभे राहिलो. सर फाटकाबाहेर थांबले, आत यायची परवानगी नव्हती. तेवढ्यात एक पर्यवेक्षक घाम पुसत व्हरांड्यात आले. त्या वर्षी परीक्षेला मुलं वाढली होती आणि बाहेरून मागवलेली बाकं अजून पोचली नव्हती.

"एका तुकडीला आज चित्रकलेच्या दालनात बसावं लागेल," ते मोठ्यानं म्हणाले. "तिथं बाकं नाहीत. खाली सतरंजी आणि उतरती बुटकी मेजं आहेत. खाली बसून लिहायची कुणाला सवय आहे का?"

इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं आपापल्या बुटांकडे बघू लागली. आम्ही सगळे फाटकाकडे बघू लागलो. सरांची ताकीद नुकतीच कानात पडलेली. हात वर करायचा म्हणजे आपल्या शाळेचं उघडं सत्य चारचौघांत सांगायचं. आणि गावानं उभ्यानं काढलेले ते दोन महिने? त्यांचं काय करायचं?

शेजारून बांगड्या वाजल्या. हिराचा हात वर होता.

"आमाला सवं हाय," ती खणखणीत म्हणाली. "आमचे शालंत समदी खालीच बसतान."

मी तिचा कोपर ओढला. "सरांनी सांगितलंय ना, बोलायचं नाही."

"पेपर तू लिवतंस का सर लिवतान?" ती म्हणाली, आणि तिनं हात खाली घेतला नाही.

माझ्या डोळ्यांपुढे मंगल आली. पाटावर बसून, डोकं खाली घालून माझी गणितं सोडवणारी. त्या पेपराच्या तिसऱ्या तासावर तिचं वर्ष टांगलेलं होतं. मी हात वर केला. मग आमच्यातला एकेक हात वर आला. आमचे नंबर सलग होते, त्यामुळे सगळ्यांना एकत्र हलवणं पर्यवेक्षकांना सोपं गेलं. उरलेल्या थोड्या जागांवर मोठ्या शाळेतली काही मुलं नाइलाजानं आली.

चित्रकलेच्या दालनात सतरंजी होती, रंगांचा वास होता, खिडकीतून ऊन येत होतं. मी बसले, डावा पाय आपोआप दुमडला गेला, उजवा गुडघा उभा राहिला, आणि सगळं अंग आपल्या घरी आलं. इतकं बरं वाटलं की मला हसूच आलं. शेजारी मोठ्या शाळेतली एक मुलगी कडक फ्रॉक सावरत कधी या अंगाला, कधी त्या अंगाला कलत होती. तिचे डोळे भरून आले होते. घंटेला अजून वेळ होता.

"ए, मांडी घालू नकोस," मी तिला हळूच म्हटलं. "एक पाय दुमड. दुसरा गुडघा उभा धर. आता मेज जवळ ओढ. हां."

"पायाला मुंग्या येतील ना?"

"आल्या की पाय बदल. आम्ही तेच करतो."

तिनं तसं केलं. मग घंटा झाली आणि आम्ही लिहायला लागलो. तो पेपर मला पूर्ण आठवतो असं नाही. पण शेवटचा प्रश्न लिहून झाल्यावर वरून सगळं एकदा वाचून बघायला वेळ उरला होता, हे आठवतं. असं सुख त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

पेपर सुटायच्या वेळेला सरांना फाटकातून आत सोडलं असावं. ते आमचा वर्ग शोधत व्हरांड्यातून आले आणि दालनाच्या दारात थबकले. आम्ही अजून जमिनीवरच बसलो होतो, पर्यवेक्षक कागद गोळा करत होते. सरांचा चेहरा असा काही झाला की मी तो विसरले नाही. ते तरातरा पर्यवेक्षकांकडे गेले.

"माझीच मुलं खाली बसवायला सापडली तुम्हाला?" त्यांनी छत्री जमिनीवर आपटली. "लहान शाळेतली म्हणून? दोन महिने..."

पर्यवेक्षक गांगरले. "अहो, तसं नाही. त्यांनीच..."

"सर," मी म्हटलं, "आम्हीच हात वर केले."

सर माझ्याकडे वळले. हिरा पुढे येऊन उभी राहिली. मग सरांनी हळू आवाजात विचारलं, "पेपर पुरा केलास?"

"हो सर."

"तू?"

"पुरा."

त्यांनी एकेकाला विचारलं. पुरा. पुरा. पुरा. शेवटच्या मुलाचं उत्तर आल्यावर सर दालनाच्या उंबऱ्यावरच बसले, छत्री आडवी मांडीवर घेऊन. पर्यवेक्षक भला माणूस असावा. तो समजुतीनं म्हणाला, "हेडमास्तर, आजची अडचण समजून घ्या. बाकं आता आलीच आहेत. उद्यापासून तुमच्या मुलांना वर बाकांवर बसवतो. मी स्वतः लक्ष घालतो."

सर धडपडून उठले. त्यांनी त्या माणसापुढे हात जोडले. "नको," ते म्हणाले, आणि एरवी आमच्यापुढे कधी न बोलणारी त्यांची मालवणी बाहेर पडली. "नको हो. पोरांका हयसरच बसूं दे."

आम्ही हसलो, पर्यवेक्षकही हसले. शेवटच्या पेपरापर्यंत आम्ही त्याच सतरंजीवर होतो. परतीच्या वाटेवर सरांनी एकदाच हिराच्या डोक्यावर छत्रीनं हलकेच टपली मारली. ती काय ते समजली.

श्वेताच्या आईला हे सगळं मी कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्यातून सोयी नसल्या तरी चालतं असा अर्थ काढील, आणि तो मला नको आहे. सोय असणं म्हणजे काय ते मला त्या दालनात कळलं. ज्याला जसं बसता येतं तसं बसून लिहायला मिळणं, एवढीच माझी व्याख्या आहे. तिनं टेबलाचं कौतुक करावं. मी चहा टाकते.

निकाल जूनच्या तोंडावर लागला. चांगला लागला. हिरा आम्हा सगळ्यांच्या पुढे, मी मध्ये कुठेतरी, आणि थोडेच मागे राहिले. विष्णूनं सगळ्या गावाला चहा पाजला. त्यानंतर शाळेची पाहणी करायला एक साहेब आले. सरांनी त्यांना नेमकं हजामाच्या बाकावर बसवलं, मुद्दाम की घाईत ते देवास ठाऊक. ते डुगडुगत बसून सगळं तपासत होते आणि जाताना म्हणाले की वर्ग राहील. सर बाकं परत द्यायला निघाले तेव्हा लोक म्हणाले, ठेवा, पुढच्या मुलांना लागतील. बाबांनीही तेच सांगितलं. त्यांना आता पायरीची सवय झाली होती.

मंगल अकरावीत गेली त्या पहिल्या दिवशी ती घरी आली तीच फणफणत. दप्तर भिंतीशी टाकलं आणि पाय चोळत बसली.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"काय व्हायचंय? दिवसभर बाकावर बसवतात. पाय लोंबकळून नुसते दुखतात. आणि ते डॉक्टरांचं बाक, त्याला कसला तो वास. चांगलं खाली बसून शिकवायला काय होतं यांना?"

ती मग बराच वेळ बोलत राहिली. बाकाबद्दल, उंचीबद्दल, शेजारच्या मुलीच्या कोपराबद्दल, सरांच्या शिस्तीबद्दल. पायरीवर बाबांनी पेपर खाली केला होता आणि ते ऐकत होते. मीही आतल्या दारात उभी राहून ऐकत होते. तिला गप्प बस असं आम्हा दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. ती आपल्या शाळेबद्दल कुरकुरत होती; कुरकुरायला तिला शाळा उरली होती.